अर्ज भरण्याआधी
वाचकांचे प्रश्न: नागरी सेवा परीक्षा

गेल्या अंकातल्या आवाहनानंतर पत्रांचा गठ्ठाच आला. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच प्रश्न होता: कोणता क्लास लावू? त्याचे उत्तर इथे देत नाही. मी महसूल खात्यात नायब तहसीलदार म्हणून लागले आणि उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झाले. आता परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी, नगरपालिकेच्या वाचनालयातल्या अभ्यासिकेत दर रविवारी मुलामुलींची उत्तरे तपासते. कचेरीत आणि अभ्यासिकेत मला सारखेच दिसत आले आहे. हुशार मुले पुस्तकांआधी कागदपत्रांत अडकतात, आणि ज्या नियमांवर आयुष्याची पाच-सहा वर्षे लावायची ते नियम मित्राने सांगितले म्हणून खरे मानतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाची, म्हणजे यूपीएससीची, जाहिरात लांबलचक असते, भाषा किचकट असते, पण सगळे तिच्यातच लिहिलेले असते. म्हणून या वेळी निवडलेली बहुतेक पत्रे पात्रतेची आहेत.

*ताई, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवी हातात नसताना यूपीएससीचा अर्ज भरता येतो का? टक्केवारीची अट आहे का? मैत्रिणी म्हणतात, अनुभव म्हणून पहिला प्रयत्न देऊन बघ. देऊ का?*
— एक विद्यार्थिनी, बार्शी

अर्ज भरता येतो. पूर्वपरीक्षा शेवटच्या वर्षाला असताना देता येते. पूर्वपरीक्षा पास झालीस की मुख्य परीक्षेसाठी सविस्तर अर्ज भरावा लागतो, आणि त्याच्यासोबत पदवी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा लागतो. आपल्याकडे विद्यापीठांचे निकाल लांबतात आणि एखादा विषय राहिलेला असला तर सगळेच अडते. म्हणून आधी मागचे सगळे विषय सोडवून घे. टक्केवारीची अट नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते, काठावर पास झालेलीही.

आता मैत्रिणींच्या सल्ल्याविषयी. खुल्या प्रवर्गाला सहा प्रयत्न असतात, इतर मागासवर्गाला नऊ, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना वयोमर्यादेपर्यंत कितीही. नुसता अर्ज भरला आणि परीक्षेला गेलीच नाहीस तर प्रयत्न मोजला जात नाही. पण पूर्वपरीक्षेच्या दोन पेपरांपैकी एकाला जरी बसलीस तरी एक प्रयत्न संपला. सकाळचा पेपर अवघड गेला म्हणून दुपारी घरी निघून आलेल्या मुलांना वाटते की आपला प्रयत्न वाचला. तो वाचत नाही. अनुभवच हवा असेल तर आयोगाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका फुकट आहेत. एखाद्या रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा आणि दुपारी अडीच ते साडेचार घड्याळ लावून दोन्ही पेपर सोडव. त्या दिवशी जे कळेल ते परीक्षाकेंद्रावर जाऊन कळण्यापेक्षा कमी नसेल. अभ्यास खरोखर झाला असेल तर मात्र घाबरून प्रयत्न राखून ठेवू नकोस.

तू विज्ञानाची आहेस म्हणून आणखी एक. भारतीय वन सेवेची पूर्वपरीक्षा हीच असते. पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, भूगर्भशास्त्र अशा ठरलेल्या विषयांपैकी एक असेल तर त्याच अर्जात तो पर्याय निवडता येतो. मराठवाड्यातल्या मुली ही सेवा सहसा मनातच आणत नाहीत, याची मला फार खंत वाटते. आणि मुलींना परीक्षा शुल्क नाही.

*मॅडम, माझे बी.ए. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून झाले. दिवसा कृषी सेवा केंद्रात काम करतो. सगळे शिक्षण मराठीतून. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का? आणि इंग्रजी कच्चे असताना मराठी माध्यमातून यूपीएससी खरोखर देता येते, की हे फक्त भाषणात बोलायचे असते?*
— किनवट, जि. नांदेड

पदवी चालते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पदवी इतर कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीइतकीच धरली जाते. याविषयी मनात काहीही किंतु ठेवू नका आणि मुलाखतीतही तोंड लपवून सांगू नका. दुकान सांभाळून पदवी घेतलीत, ही सांगण्यासारखीच गोष्ट आहे.

दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर हवे तर मराठी माध्यमातून परीक्षा देता येते. मात्र मराठी कुठे चालते आणि कुठे चालत नाही हे नेमके माहीत हवे. भाषणांत हा भाग गाळला जातो.

पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका फक्त हिंदी आणि इंग्रजीत असते. तिथे मराठी नाही. मुख्य परीक्षेत निबंध, सामान्य अध्ययनाचे चारही पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन्ही पेपर तुम्ही मराठीत लिहू शकता. ही सोय कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून जी नवी पद्धत आली तेव्हापासूनची आहे. पण तिथेही प्रश्न छापलेले असतात ते हिंदी-इंग्रजीतच. म्हणजे वाचायचे इंग्रजीत किंवा हिंदीत आणि लिहायचे मराठीत. मुलाखत मराठीत देता येते, दुभाषा असतो. याशिवाय मुख्य परीक्षेत ३०० गुणांचा इंग्रजीचा आणि ३०० गुणांचा भारतीय भाषेचा, तुमच्यासाठी मराठीचा, असे दोन सक्तीचे पेपर असतात. त्यांचे गुण क्रमवारीत धरत नाहीत, पण दोन्हींत २५ टक्के, म्हणजे ७५ गुण, पडलेच पाहिजेत. ते नाही पडले तर बाकीच्या सात पेपरांना किंमत राहत नाही.

तेव्हा इंग्रजी बोलता आले पाहिजे असे नाही. इंग्रजी वाचून समजले पाहिजे, तेही वेगाने. पूर्वपरीक्षेत 'पुढील विधाने विचारात घ्या' अशा धर्तीचे प्रश्न असतात आणि उत्तर एखाद्या 'ओन्ली'वर किंवा 'नॉट'वर फिरते. आमच्या अभ्यासिकेतल्या कितीतरी मुलांना विषय येत असतो आणि प्रश्न चुकतो. चुकलेला प्रश्न मी त्यांना मोठ्याने वाचायला लावते, तेव्हा त्यांचे त्यांनाच कळते की वाक्य अर्धेच वाचले होते.

मी मुलांकडून करून घेते ते असे. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र यांची आपल्या राज्य मंडळाची मराठी पुस्तके आधी वाचायची, सहावीपासून. विषय डोक्यात बसला की त्याच विषयाचे एनसीईआरटीचे इंग्रजी पुस्तक घ्यायचे. आशय ओळखीचा झालेला असतो, त्यामुळे भाषा अंगावर येत नाही. रोज एका इंग्रजी दैनिकातला एकच लेख, पण पूर्ण, आणि वाचून झाल्यावर त्याचा गोषवारा मराठीत सात-आठ ओळींत लिहायचा. याने दोन कामे होतात: इंग्रजी वाचायची सवय लागते आणि मराठी उत्तर लिहायचा हात बसतो. दुकानात गिऱ्हाईक नसताना हे करता येईल. सहा महिने नेमाने केलेत तर सक्तीच्या इंग्रजीच्या ७५ गुणांची काळजी उरणार नाही.

मराठीतून लिहिणाऱ्यांची खरी कसोटी वेगाची असते. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत वीस उत्तरे लिहायची असतात: दहा उत्तरे दीडशे शब्दांची, दहा अडीचशे शब्दांची. एका उत्तराला नऊ मिनिटे, त्यातच प्रश्न वाचून विचार करायचा. काना, मात्रा, शिरोरेषा सांभाळून हे करायला मनगट तयार लागते, आणि ते फक्त लिहूनच तयार होते. व्हिडिओ बघून होत नाही. पारिभाषिक शब्दांत अडू नका. 'वित्तीय तूट', 'न्यायालयीन पुनर्विलोकन' असे रुळलेले शब्द वापरा. जिथे मराठी शब्द तुम्हालाच परका वाटतो तिथे प्रचारातला इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पुढे जा. तपासणाऱ्याला मुद्दा पोचला पाहिजे.

वैकल्पिक विषय म्हणून मराठी साहित्य घेता येते. त्यासाठी बी.ए. मराठीतच झालेले असावे अशी अट नाही. पाचशे गुण आहेत आणि इथे प्रश्नही मराठीत असतात. संतकाव्यापासून दलित साहित्यापर्यंतचा आवाका आहे, शिवाय भाषाविज्ञान आणि लोकसाहित्य. वाचनाची आवड असेल तर जरूर घ्या. सोपा समजून मात्र घेऊ नका, कारण नेमलेल्या साहित्यकृती मुळातून वाचाव्या लागतात आणि नोट्सवर भागवणारा उमेदवार दुसऱ्या पेपरात उघडा पडतो.

माध्यम अर्जातच निवडावे लागते, म्हणून आधी ठरवा. विचार मराठीत करत असाल तर मराठी घ्या. इंग्रजीच्या भीतीने घेत असाल तर ती भीती पूर्वपरीक्षेतच समोर उभी राहणार आहे.

*माझ्याकडे एसईबीसीचा दाखला आहे. यूपीएससीला तो चालतो ना? आमची सहा एकर कोरडवाहू जमीन आहे, उत्पन्न वर्षाला दोन लाखही नाही.*
— औसा, जि. लातूर

चालत नाही. एसईबीसीचे, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग म्हणून मराठा समाजाला दिलेले, दहा टक्के आरक्षण महाराष्ट्राच्या २०२४ च्या कायद्याने आले. ते राज्याच्या नोकऱ्यांत आणि शिक्षणात लागू आहे. केंद्राच्या यादीत हा प्रवर्गच नाही, त्यामुळे यूपीएससीला तुम्ही खुल्या प्रवर्गात धरले जाता.

मग आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे, म्हणजे ईडब्ल्यूएसचे, आरक्षण मिळेल का? उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, पण पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, हा दाखला मिळत नाही. जमीन कोरडवाहू की बागायती असा भेद या अटीत केलेला नाही. मराठवाड्यातल्या सहा एकर मुरमाड जमिनीला आणि कालव्याखालच्या सहा एकर उसाला एकच माप लावणे मला कधीच पटले नाही, पण नियम आज असा आहे. सातबारा नीट बघा. कुटुंब म्हणजे तुम्ही, आईवडील, अठरा वर्षांखालची भावंडे, लग्न झाले असेल तर पत्नी आणि अठरा वर्षांखालची मुले. या लोकांच्या नावावर एकूण किती जमीन आहे ते मोजायचे. आजोबांच्या किंवा चुलत्यांच्या नावावरचे क्षेत्र तुमच्या कुटुंबाचे समजून कुणी सरसकट नकार दिला तर व्याख्या दाखवा.

आणखी एक शक्यता तपासा. तुमच्या घराण्याची कुणबी नोंद सापडली असेल आणि रीतसर कुणबी जातीचा दाखला मिळाला असेल, तर कुणबी ही जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे. तेव्हा केंद्राच्या नमुन्यातले नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे मागासवर्गातल्या पुढारलेल्या थरात आपण मोडत नाही याचे, प्रमाणपत्र काढता येते. मात्र ओबीसीत बसणाऱ्याला ईडब्ल्यूएस घेता येत नाही. ईडब्ल्यूएसमध्ये वयाची किंवा प्रयत्नांची सवलतही नाही; ३२ वर्षे आणि सहा प्रयत्न, खुल्या प्रवर्गाइतकेच.

*ताई, मी जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. वय ३३. राज्यात आम्ही एनटी-सी. वडील पोलिस हवालदार, त्यांचा वर्षाचा पगार आठ लाखांवर जातो. मिस्टर वर्ग एक अधिकारी आहेत. सगळे म्हणतात, तुम्ही क्रिमिलेअरमध्ये गेलात, वयही संपले. मी विचार सोडून देऊ का?*
— आटपाडी, जि. सांगली

सोडू नका. तुमच्या पत्रातल्या तिन्ही भीती चुकीच्या माहितीवर उभ्या आहेत, आणि अशा माहितीने किती बायका घरी बसल्या असतील या विचाराने मला वाईट वाटते.

राज्यात भटक्या जमाती (क) म्हणजे धनगर समाज. केंद्रात एनटी असा वेगळा प्रवर्ग नाही. धनगर केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. म्हणजे तुमची वयोमर्यादा ३५ आणि प्रयत्न नऊ.

क्रिमिलेअर ठरते ते आईवडिलांच्या स्थितीवरून. नवऱ्याचे पद किंवा पगार त्यात धरत नाहीत. वडिलांचे पाहू. हवालदाराचे पद गट क मधले. आई किंवा वडील गट अ मध्ये थेट लागलेले असते, किंवा दोघेही गट ब मध्ये असते, तर प्रश्न होता. आठ लाखांची जी मर्यादा २०१७ पासून आहे तिच्यात पगार आणि शेतीचे उत्पन्न मोजतच नाहीत. घरभाडे, धंदा असे दुसरे उत्पन्न सलग तीन वर्षे त्याहून जास्त असेल तरच ती लागू होते. १९९३ च्या केंद्र सरकारच्या आदेशापासून हे तत्त्व चालत आले आहे. तरीही कचेऱ्यांत पगाराचा दाखला बघून अर्ज परत पाठवला जातो. तसे झाले तर वाद न घालता लेखी कारण मागा. लेखी द्यायची वेळ आली की माणूस नियम उघडून बघतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिले आहे.

सेतू केंद्रात अर्ज करताना 'केंद्र शासनाच्या नोकरीसाठीचा नमुना' असे स्पष्ट सांगा. राज्याचे नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र वेगळे, त्यावर यूपीएससी भागत नाही. तारीखही बघा: प्रमाणपत्र पूर्वपरीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या मुदतीनंतरचे असेल तर आयोग ते नाकारू शकतो. आयोगाचे अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत निघतात. जून-जुलैत कॉलेजच्या प्रवेशांमुळे सेतूवर जी झुंबड उडते तिच्यात सापडू नका, दिवाळीनंतर निवांतपणे काढून ठेवा.

तुम्ही सरकारी नोकरीत आहात, म्हणून अर्ज करत असल्याचे कार्यालयप्रमुखांना लेखी कळवा आणि पोच घ्या. अर्जात तसे हमीपत्र द्यावे लागते. अभ्यासाच्या वेळेचे गणित मी तुम्हाला शिकवणार नाही, रात्रपाळी करणाऱ्या बाईला ते माझ्याहून चांगले येते. एवढेच सांगते की रात्रपाळीहून आल्यावर नवीन विषय उघडू नका. त्या दिवशी जुन्या प्रश्नपत्रिकेतले वीस प्रश्न सोडवून झोपा.

*सीसॅट फक्त पात्रतेपुरता आहे म्हणतात, मग त्याचा अभ्यास किती करावा? मी कला शाखेचा.*
— राजुरा, जि. चंद्रपूर

सीसॅट म्हणजे पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर. २०१५ पासून तो पात्रतेपुरता झाला, पण पात्रता म्हणजे २०० पैकी ६६ गुण. ऐंशी प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. एकही न चुकता २६ प्रश्न बरोबर आले तर ६५ होतात, म्हणजे नापास. सत्ताविसावा बरोबर आला की पास. शिवाय चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. अलीकडे गणिताचे प्रश्न कठीण येतात आणि सामान्य अध्ययनात उत्तम गुण असलेली मुले इथे गळतात. आजच एक जुना पेपर वेळ लावून सोडवा. नव्वदच्या वर गुण आले तर आठवड्यातून एक दिवस पुरे. साठ-सत्तरच्या आसपास आले तर रोज एक तास, दहावीच्या गणितापासून. शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

*मॅडम, मी शेतकरी माणूस. थोरला मुलगा चार वर्षांपासून पुण्यात सदाशिव पेठेत राहून यूपीएससीचा अभ्यास करतो. दर महिन्याला बारा हजार पाठवतो. पहिल्या वर्षी बैलजोडी विकली, आता एक एकर काढायचा विचार आहे. विचारले की म्हणतो, यंदा थोडक्यात गेले. त्याला दुखवायचे नाही. पण धाकटी मुलगीही शिकते आहे. काय करू?*
— केज, जि. बीड

भाऊ, तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि बाकीची बाजूला ठेवून आधी याचे उत्तर लिहिले.

एकर विकू नका. तहसीलला असताना फेरफाराचे शेकडो कागद नजरेखालून गेले. विक्रीमागचे कारण त्यात लिहिलेले नसते, पण माणूस समोर बसला की सांगतो. मुलांच्या शिक्षणासाठी गेलेली जमीन परत घेताना मी फार थोडी घरे पाहिली.

'थोडक्यात गेले' हे मोजता येते. अंतिम निकाल लागल्यानंतर पूर्वपरीक्षेत नापास झालेल्यांनाही आयोग गुण दाखवतो. मुलाला जवळ बसवून शांतपणे म्हणा, बाळा, मला तुझे सगळ्या वर्षांचे गुण दाखव. मग ते कटऑफशी, म्हणजे त्या वर्षी पास व्हायला लागलेल्या किमान गुणांशी, लावून बघा. खुल्या प्रवर्गासाठी २०२२ ला ८८.२२ लागले, २०२३ ला ७५.४१, २०२४ ला ८७.९८. तुमचा प्रवर्ग वेगळा असेल तर त्याचे आकडेही आयोग देतो. मुलगा दरवर्षी पाच-सहा गुणांनी मागे राहत असेल आणि गुण चढत असतील तर 'थोडक्यात' हा शब्द खरा आहे. पन्नास-साठच्या घरातच घुटमळत असेल तर अभ्यासाच्या पद्धतीत मुळातच काहीतरी चुकते आहे, आणि आणखी एक वर्ष तसेच काढून ते सुधारणार नाही. गुण दाखवायला तो तयारच नसेल तर रागावू नका. तो लाजेने दाखवत नसतो.

या परीक्षेचा आवाका तुम्हालाही माहीत असावा. २०२४ च्या परीक्षेला ५,८३,२१३ उमेदवार प्रत्यक्ष बसले. मुख्य परीक्षेला १४,६२७ पात्र ठरले, मुलाखतीला २,८४५, आणि शेवटी शिफारस झाली १,००९ जणांची. हजारात दोनही नाहीत. जे राहिले ते सगळे आळशी होते असे कुणीही म्हणू शकणार नाही. तुमचा मुलगा राहिला म्हणून तो वाया गेला असे तुम्ही मानू नका, आणि त्यालाही मानू देऊ नका. पुण्यातल्या पेठांत अशी मुले आहेत जी सणाला गावी जात नाहीत, कारण पारावर कुणीतरी विचारणार, 'काय साहेब, कधी होणार?' तुमचा मुलगा सणाला येतो का? येत नसेल तर तुम्ही जा. डबा घेऊन जा, एक दिवस त्याच्या खोलीवर राहा. पैशाचा विषय पहिल्या दिवशी काढू नका.

मग दोघांनी मिळून मुदत ठरवा, आणि ती वहीत लिहा. माझे मत असे की आता फक्त यूपीएससीवर त्याने थांबू नये. एमपीएससीच्या, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या, राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. लेखी १,७५० आणि मुलाखत २७५, अगदी यूपीएससीसारखीच रचना. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषय तिथेही आहेत, आणि पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतही असते. वयोमर्यादा खुल्याला ३८, मागासवर्गीयांना ४३. त्याने केलेला अभ्यास वाया जात नाही. त्याखेरीज एमपीएससीच्या गट ब आणि गट क च्या संयुक्त परीक्षा, कर्मचारी निवड आयोगाची पदवीधर स्तराची परीक्षा, बँका, हे अर्ज त्याने यंदाच भरावेत. मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होऊन, पगार घेत, पुढचे प्रयत्न देणारी मुले मला माहीत आहेत. त्यांची मुलाखत अधिक चांगली होते, कारण कचेरी आतून पाहिलेली असते.

खर्चाचे बघू. सरकारी मदत असताना तुम्ही बारा हजार का भरता हे त्याला विचारा. अनुसूचित जातीसाठी पुण्यात बार्टी, अनुसूचित जमातीसाठी टीआरटीआय, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती, या संस्था प्रवेशपरीक्षा घेऊन प्रशिक्षण देतात आणि विद्यावेतनही देतात. मुंबईची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था १९७६ पासून आहे, आणि नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नाशिक, अमरावती इथेही पूर्व प्रशिक्षण केंद्रे आहेत. यांची प्रवेशपरीक्षा त्याने दिली होती का? निवड झाली नसेल तर तीही एक मोजपट्टीच आहे. आणि चार वर्षे क्लास झालेल्या मुलाला आता पुण्याची गरज किती, हेही बोला. पुस्तके त्याच्याकडे आहेत, प्रश्नपत्रिका मोबाइलवर आहेत, वर्तमानपत्र केजलाही येते. तालुक्याच्या गावी अभ्यासिका असेल तर तिथे बसून, घरचे जेवून अभ्यास होतो.

धाकटीच्या फीचे पैसे आधी बाजूला काढा. तिच्या वाट्याचे थोरल्यासाठी वापरू नका. ती तुम्हाला कधी बोलणार नाही, म्हणून मी लिहिते.

*माझा जन्म १९९५ च्या दिवाळीतला. शाळेत गुरुजींनी १ जून १९९४ लावली. या एका तारखेमुळे माझे २०२६ चे वर्ष हुकते आहे. प्रतिज्ञापत्र करून बदलता येईल का? प्रवर्ग खुला.*
— जिंतूर, जि. परभणी

१ जूनचे वाढदिवस आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि दरवर्षी कुणीतरी हा प्रश्न घेऊन येते. आयोग फक्त दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीख मानतो. प्रतिज्ञापत्र, जन्मपत्रिका, रुग्णालयाचा कागद चालत नाही, आणि एकदा नोंदवलेली तारीख पुढे बदलू देत नाही. ज्या वर्षीची परीक्षा त्या वर्षीच्या १ ऑगस्टला ३२ पूर्ण झालेली नसावीत. २०२६ साठी जन्म २ ऑगस्ट १९९४ किंवा त्यानंतरचा हवा. तुमची तारीख दोन महिन्यांनी बाहेर जाते. वकिलावर पैसे घालवू नका. राज्यसेवेला मात्र ३८ पर्यंत मुभा आहे, तुमच्याकडे अजून बरीच वर्षे आहेत. जिंतूरहून आमचे गाव लांब नाही. अभ्यास केलेला असेल तर एखाद्या रविवारी लिहिलेली दहा उत्तरे घेऊन या, बसून बघू.